ट्रेवर तारीख आहे, काजूचं नाव कुठे?

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीला काजू आणि पिस्त्याची ॲलर्जी आहे. शेंगदाणे आणि खोबरं चालतं, त्यामुळे मिसळ सुटलेली नाही. नाशिककराला हे काय कमी आहे? पंचाईत होते ती मिठाईच्या दुकानात आणि पंजाबी भाजीच्या पानावर.

पाकीटबंद खाऊचं फारसं भय नाही. २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार काजू, बदाम, पिस्ता, अक्रोड असेल तर पाकिटावर तसं लिहावं लागतं. दहा किंवा जास्त शाखांच्या हॉटेलांनाही ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. पण मेन रोड, पंचवटी, सिडको इथल्या एकट्या दुकानांचं काय? काचेमागे काजू कतली उचललेला चिमटा तसाच पेढ्यांच्या ट्रेत जातो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "ताई, वरचे काप काढून टाका, काही होत नाही." होतं! ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास घुसमटतो. पनीरच्या ग्रेव्हीला दाटपणा बहुतेकदा काजूच्या पेस्टनेच येतो. वाढणाऱ्या पोऱ्याला ते ठाऊकही नसतं.

ऑक्टोबर २०२०पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'बेस्ट बिफोर' तारीख लावणं सक्तीचं आहे. म्हणजे पाटी आहेच. तिच्यावर 'काजू', 'पिस्ता' एवढं लिहायला कितीसा खर्च? (आणि पिस्ता म्हणून हिरवे रंगवलेले शेंगदाणे खपवणाऱ्यांनी तेही खरं लिहावं, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलंही याच शहरात आहेत.)

दुसरं, औषधाचं. जोराची रिॲक्शन आली तर मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय. ॲलर्जीच्या गोळीवर भागत नाही. परदेशात त्याचं पेनसारखं तयार इंजेक्शन लोक खिशात बाळगतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून मी पर्समध्ये ॲम्प्यूल (औषधाची बंद काचेची कुपी) आणि सिरिंज घेऊन फिरते. घाबरलेल्या माणसाने थरथरत्या हाताने ॲम्प्यूल फोडून अचूक डोस भरायचा, हे आपणच डोळ्यांपुढे आणून पाहा. तयार पेन राज्यात मिळावं यासाठी केंद्राकडे आपण शब्द टाकावा.

२०२७च्या सिंहस्थात अन्नछत्रांत शिरा होईल, त्यात काजू पडतील. पडू देत. फक्त पातेल्याशेजारी तसं लिहिलेलं असावं आणि वाढप्याला ते माहीत असावं. अन्नछत्रांना परवाने देतानाच ही अट घाला.

आपली,
एक आई, गंगापूर रोड, नाशिक