डिसेंबरात जन्मलेल्या मुलांचा नंबर

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘व्हिएतनाममध्ये अमेरिका रणांगणावर हरली नाही, घरच्या कॉलेजातल्या पोरांनी तिला हरवलं’, असं आपल्या एका वाचकांनी गेल्या रविवारी लिहिलं आहे. त्या पोरांना फक्त स्वतःच्या जिवाची भीती होती, सक्तीची भरती थांबताच त्यांची शांततेची तळमळही संपली, आणि एकूणच विद्यार्थ्यांनी मोर्चे सोडून अभ्यास करावा, असा पत्राचा सूर. मी एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा याबद्दल माझी काय तक्रार असणार? पण या पत्रलेखकांचाच थोडा अभ्यास राहून गेला आहे, म्हणून हा खटाटोप.

भीती होती हे खरंच आहे. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये काचेच्या एका बरणीत ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. १९४४ ते १९५० या सालांत जन्मलेल्या मुलांनी लष्करात कोणत्या क्रमाने जायचं, ते त्या बरणीतून ठरत होतं आणि टीव्हीवर थेट दिसत होतं. पहिली निघाली १४ सप्टेंबर, शेवटची ८ जून. पुढच्या वर्षभरात १९५ नंबरापर्यंतच्यांना बोलावणं आलं.

माझे थोरले चुलतभाऊ, आमचे अण्णा, तेव्हा तिकडे एम. एस. करत होते. विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी मुलांना ही भरती लागू नव्हती, त्यामुळे वसतिगृहाच्या त्या हॉलमध्ये निर्धास्त असे ते एकटेच. त्यांच्या खोलीतला मुलगा पत्ते खेळता खेळता टीव्ही बघत होता. त्याचा जन्म ६ डिसेंबरचा. दहावी कुपी त्याची निघाली. त्याने हातातली पानं नीट जुळवून टेबलावर पालथी ठेवली, दात घासले आणि जाऊन झोपला. डाव तसाच राहिला. अण्णा हे सांगायचे तेव्हा पानं पालथी ठेवण्याची कृती हाताने करून दाखवायचे. तारीख त्यांच्या लक्षात राहिली याचं कारण आमच्याच घरातलं: आमचे काका दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर असायचे. अण्णा पुढच्या उन्हाळ्यात परत आले. तो मुलगा पुढे सैन्यात गेला की भरती चुकवायला कॅनडात, ते त्यांना कधीच कळलं नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. ती सोडत सदोष होती. बरणीत ओतण्याआधी कुप्या एका पेटीत भरताना जानेवारीच्या आधी टाकल्या, मग फेब्रुवारीच्या टाकून ढवळल्या, मग मार्चच्या, असं करत डिसेंबर सर्वांत शेवटी. म्हणजे जानेवारीच्या कुप्या अनेकदा ढवळल्या गेल्या, डिसेंबरच्या एकदाच. परिणाम असा की जानेवारीत जन्मलेल्यांच्या नंबरांची सरासरी २०१ आली आणि डिसेंबरवाल्यांची १२१. नंबर जितका लहान तितकं बोलावणं लवकर. संख्याशास्त्रज्ञांनी ओरड केल्यावर जुलै १९७० च्या सोडतीत तारखांचं एक पिंप आणि नंबरांचं वेगळं पिंप, अशी दुरुस्ती झाली. पहिल्या सोडतीत ज्यांचा नंबर लागून गेला होता त्यांना या दुरुस्तीचा उपयोग नव्हता.

सोडतीच्या आधीची पद्धत तर याहून वाईट. गावोगावच्या भरती मंडळांच्या हाती सगळा कारभार. कॉलेजात नाव असलं की सवलत मिळायची, म्हणजे ज्याच्या बापाकडे फीचे पैसे तो वर्गात आणि ज्याच्याकडे नाहीत तो भाताच्या खाचरात बंदूक घेऊन. १९६६ मध्ये तर मुलांचे वर्गातले क्रमांकही मंडळांकडे जाऊ लागले. मी आयुष्यात पुष्कळ मुलं नापास केली, त्याचं वाईट फारसं वाटलं नाही. ऑक्टोबरला बसतील म्हणायचो. पण माझ्या लाल शाईने एखाद्याची रवानगी व्हिएतनाममधल्या डानांगला झाली असती, तर ती पेन्सिल-पेनं मी तिथेच टाकली असती. तिकडच्या मास्तरांवर ही वेळ खरोखर आली होती.

मास्तरांवरून आठवलं. ‘विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा’ म्हणणाऱ्या पत्रलेखकांना हे कदाचित ठाऊक नसेल की या चळवळीतला एक पहिला मोठा कार्यक्रम म्हणजे चक्क रात्रभराचा तास होता. मार्च १९६५ मध्ये अमेरिकन मरीन डानांगच्या किनाऱ्यावर उतरले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला मिशिगन विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी ॲन आर्बरला रात्रभर व्याख्यानं आणि चर्चा ठेवल्या. आधी त्यांनी एक दिवस शिकवणं बंद ठेवायचं ठरवलं होतं. त्यावर बोंब झाली, तेव्हा म्हणाले, बरं, दिवसा शिकवतो आणि रात्रीही शिकवतो. तीन हजारांच्या आसपास लोक आले. मध्येच बॉम्बच्या धमक्या आल्या म्हणून सगळ्यांना बाहेर थंडीत उभं राहावं लागलं. हाच प्रकार पुढे ‘टीच-इन’ नावाने देशभर पसरला.

भरती थांबली आणि आंदोलन संपलं, हा मुद्दा अर्धाच खरा आहे. १९७१ नंतर भरती कमी होत गेली तशी मोर्च्यांतली गर्दीही ओसरली, हे मान्य. पण सक्तीची भरती बंद झाल्याची घोषणा २७ जानेवारी १९७३ ची, आणि युद्ध थांबवण्याच्या पॅरिस करारावर सह्या झाल्या त्याही त्याच दिवशी. युद्धच आवरतं घेतल्यावर मुलांनी कशाविरुद्ध घोषणा द्यायच्या होत्या?

शिवाय ‘तरुण विरुद्ध थोरले’ हे चित्रही टीव्हीने रंगवलेलं आहे. गॅलप या जनमत पाहणाऱ्या संस्थेच्या त्या काळातल्या पाहण्या काढून बघा. युद्धाला पाठिंबा पन्नाशीपुढच्या लोकांपेक्षा तिशीच्या आतल्यांमध्ये जास्त होता! विद्यापीठांत दिसणारी मुलं म्हणजे सगळी तरुण पिढी नव्हे. आणि पोरांनी देशाचं मन फिरवलं म्हणावं, तर १९७२ मध्ये त्याच देशाने युद्ध चालवणारे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना ५० पैकी ४९ राज्यं दिली.

मुलांची बाजू घेतो म्हणजे सगळंच झाकतो असं नाही. ऑगस्ट १९७० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला विद्यापीठाच्या इमारतीत युद्धविरोधकांनी बॉम्ब उडवला आणि युद्धाशी काडीचा संबंध नसलेला ३३ वर्षांचा संशोधक मेला. त्याचं समर्थन कोणी करू नये. पण त्याच वर्षी ४ मे रोजी ऑहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाच्या जवानांनी १३ सेकंदांत साठाहून जास्त गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांपैकी दोघं निदर्शनात नव्हतेच. त्यातला एक तर लष्करी प्रशिक्षणाच्या तुकडीतला, आपल्याकडच्या एनसीसीसारख्या. त्यानंतरच्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डला ११ टक्क्यांनी. दहा दिवसांनी मिसिसिपीत जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण गेले. त्यांची नावं केंटच्या चौघांइतकी तेव्हाही कोणी घेतली नाहीत.

सैनिकांचं मनोधैर्य या मुलांनी खचवलं, असंही पत्रात आहे. एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या शेकडो सैनिकांनी वॉशिंग्टनला संसदेसमोरच्या कुंपणापलीकडे आपली पदकं फेकून दिली. त्यांच्यातल्या जॉन केरींनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. पुढे ते त्याच देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. या लोकांना कोणी खचवलं? ते ज्या दलदलीतून आले होते तिनेच.

‘आपल्याला काय त्याचं’ म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. साठच्या दशकात रेशनच्या रांगेत आपण जो अमेरिकन गहू आणि लाल मिलो ही तिकडची ज्वारी घ्यायचो, त्याची जहाजं सोडायची की नाही हे तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन स्वतः महिन्या-महिन्याने ठरवत. त्यांच्या नाराजीच्या कारणांत शेतीधोरण होतं तसं व्हिएतनामवरच्या बाँबफेकीबद्दल दिल्लीने केलेलं बोलणंही होतं. मिलोच्या त्या भाकरीला थापताना चिरा पडायच्या. आई म्हणायची, हिला गूळ लावला तरच घशाखाली उतरते.

निवृत्त होईपर्यंत यादृच्छिकतेचा, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणाऱ्या निवडीचा, धडा मी त्या निळ्या कुप्यांवरूनच शिकवत आलो. तारखा आणि नंबरांचा तक्ता मी वर्गात वाटायचो आणि दर महिन्याची सरासरी काढायला सांगायचो. पहिली पाच मिनिटं सरासरी कोणीच काढायचं नाही. प्रत्येक जण आपल्या वाढदिवसाचा नंबर शोधायचा. तीनशेच्या पुढचा निघाला की मुलगा शेजारच्याला कोपर मारून दाखवायचा. एकदा मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला आणि विचारलं, ‘सर, जन्मतारखेचा दाखला शाळेतला धरायचा की खरा?’ त्याची शाळेतली तारीख १ जूनची होती, आपल्याकडे निम्म्या वर्गाची असायची तशी. शाळेचीच धर, म्हटलं. १ जूनचा नंबर निघाला २४९. तो सरसावून सरासरी काढायला लागला.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली