चि. मुक्ता हिस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज इतका बसलेला होता की आधी मला वाटले, धारणीला रेंज नसावी. "काही नाही अप्पा, वर्ग जरा दंगेखोर आहे," म्हणून तू विषय बदललास. पण फोन ठेवल्यावर तुझ्या आईचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला, तो मी पाहिला. घशाविषयी एकदाच लिहितो: तीन आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही, तर अमरावतीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

आता वर्गाविषयी. पहिली-दुसरी एकत्र, त्यात पहिलीची बहुतेक मुले घरी कोरकू बोलणारी. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी नाते नसलेली भाषा. त्यामुळे "पाटी काढा" हे कितीही चढ्या आवाजात सांगितलेस तरी त्या मुलाला ते तितकेच परके राहणार. त्यापेक्षा पाटी हातात धरून दाखव. दुसरीच्या मुलांकडून रोज थोडे कोरकू शिकून घे. बाईंना शिकवायला मिळाले की मुलांची ऐट बघण्यासारखी असते आणि तुझ्या उच्चारांवर हसण्यातच निम्मा दंगा जिरतो.

परिपाठाआधीच फळ्याच्या उजवीकडे उभी रेघ मारून दुसरीचे पहिले काम लिहून ठेवत जा, म्हणजे ती मुले आत येताच लिहू लागतील आणि तुला पहिलीजवळ खाली बसता येईल. फळ्यावर लिहिताना मात्र बोलू नकोस. वर्गाकडे पाठ असली की शब्द भिंतीवर जातात, मागच्या मुलांना ते ऐकू येत नाहीत, ती आपापसांत बोलू लागतात आणि मग शिक्षकाला ओरडावे लागते. लिहून झाले की वळ, वर्ग गप्प होईपर्यंत थांब आणि मग बोल. पाहा, फिरून घशावरच आलो.

प्रश्न आधी विचार, नाव नंतर घे. नाव आधी घेतलेस की बाकीची मुले सुटलो म्हणून खिडकीबाहेर पाहू लागतात. दोन्हींच्या मध्ये थांबणे हेच खरे काम. अमेरिकेतील शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि तेच ३ सेकंद थांबले तर उत्तरे मोठी येतात व एरवी गप्प बसणारी मुलेही बोलतात. तुझ्या मुलांना तर प्रश्न आपल्या भाषेत नेऊन उत्तर मराठीत आणायचे असते, तेव्हा तू आणखी थांब. थांबण्याने घसाही दुखत नाही.

तुझ्या आईच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या, तेव्हा डॉक्टरांनी मौन सांगितले होते; पण रजा तुझ्या टायफॉइडमध्ये संपलेली. चौथीचा वर्ग तिने फळा, हातवारे आणि टेबलावरच्या दोन टिचक्या एवढ्यावर चालवला. मूल वाचताना अडले की ती त्याच्या शेजारी वाकून ओळीखाली बोट ठेवी आणि ते पुढे सरकेपर्यंत बोट हलवीत नसे. शेजारच्या वर्गात मी शिकवीत होतो, आणि तिच्या वर्गातली शांतता पाहून माझी मुले दारातून डोकावत. आवाज परतल्यावरही त्या टिचक्या तिने सोडल्या नाहीत. गाणे मात्र परतले नाही. तुला तिचे गाणे आठवणारही नाही.

हे व्याख्यान झाले खरे, रागावू नकोस. निवृत्त मास्तराला वर्ग मिळाला की तास संपत नाही. तुझ्या नियुक्तिपत्राची झेरॉक्स मी नानांना, पोस्टमनला आणि गिरणीवाल्यालाही दाखवली आहे. आईने आता ती काढून घेतली.

टाचणाच्या समासात रोज त्या दिवशी एकदाही न बोललेल्या मुलांची नावे लिही आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात त्यांच्यापासून कर. फळा ओल्या फडक्याने पूस, खडूची धूळ उडणार नाही. कुजबुजून बोलणे म्हणजे घशाला विश्रांती नव्हे, तेही टाळ. १६,००० रुपयांच्या मानधनात अमरावतीचा खेप-खर्च आणि डॉक्टरांची फी जड जात असेल, तर संकोच न करता कळव, मी लगेच पैसे पाठवतो. येत्या रविवारी फोन करू नकोस, सविस्तर लिहून पाठव. आईला हे पटलेले नाही, तेव्हा तिच्याशी दोनच मिनिटे बोल, आणि तेही हळू.

तुझा,
अप्पा