फायरवॉलवरच्या ‘तात्पुरत्या’ पॉलिसीचा हिशोब ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात हल्ली पेठेतल्या क्लासपासून भोसरीच्या वर्कशॉपपर्यंत सगळीकडे फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून येणारं-जाणारं ट्रॅफिक तपासणारा बॉक्स, बसवलेला दिसतो, आणि बॉक्स घेतला म्हणजे आपण सेफ असं मालक मंडळी धरून चालतात. पण त्यावर कुठली पॉलिसी, म्हणजे काय सोडायचं आणि काय अडवायचं याचा नियम, कोणी टाकली, कशासाठी टाकली, हे विचारलं तर बऱ्याच ठिकाणी कुणालाच सांगता येत नाही. मी हेच काम करतो, म्हणून कळकळीने लिहितोय.

बहुतेक फायरवॉल पॉलिसींची लिस्ट वरून खाली वाचतात, पहिली जुळली की तिथंच थांबतात, आणि काहीच जुळलं नाही तर शेवटी ट्रॅफिक अडवतात. आता होतं काय, कॅमेऱ्यावाला किंवा सॉफ्टवेअरवाला येतो, त्याचं काम अडतं, तो म्हणतो साहेब जरा ओपन करा, मग सोर्स ऑल, डेस्टिनेशन ऑल, सर्व्हिस ऑल, म्हणजे कुठूनही कुठेही काहीही जाऊ द्या, अशी पॉलिसी बनते आणि थेट सगळ्यात वर जाऊन बसते. तो काम संपवून जातो, पॉलिसी तशीच राहते, आणि खाली विचार करून लिहिलेल्या पॉलिसींपर्यंत ट्रॅफिक पोचतच नाही. रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायचा, ३३८९ पोर्ट असाच जगाला उघडा राहतो आणि डेटा लॉक करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले नेमकं तेच शोधत असतात. खरं तर व्हीपीएन (बाहेरून आत यायची सुरक्षित खासगी जोडणी) देता येतं, सोर्समध्ये फक्त त्या व्हेंडरचा आयपी टाकता येतो, बऱ्याच बॉक्सवर पॉलिसीला शेवटची तारीखही लावता येते. पाच मिनिटांचं काम आहे हो!

पॉलिसी बदलतानाही तीच घाई. आधी बॅकअप घ्या. हिट काउंट (पॉलिसी किती वेळा लागली तो आकडा) शून्य दिसला म्हणून लगेच डिलीट करू नका, आधी डिसेबल करा आणि महिनाअखेरचा पगार, जीएसटी रिटर्न हे सगळं होऊन जाऊ द्या, कारण काही पॉलिसी महिन्यातून एकदाच लागतात. आणि बदल केल्यावर टेस्ट नव्या कनेक्शनवर करा, कारण आधीपासून चालू असलेलं सेशन काही बॉक्सवर जुन्या पॉलिसीनेच चालत राहतं.

बँडविड्थचंही तसंच. डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल अडकतो, लोक थेट मोठा प्लॅन घेतात, पण अपलोड खात असतो क्लाउड बॅकअप. साध्या व्हॉइस कॉलला १०० केबीपीएसच्या आत भागतं. कॉलला गॅरंटी द्या, बॅकअपला मर्यादा घाला, आणि शेपरचा (वेगाची मर्यादा ठरवणाऱ्या सेटिंगचा) आकडा लाइनच्या खऱ्या अपलोड स्पीडपेक्षा थोडा कमी ठेवा, नाहीतर रांग मोडेममध्ये लागते आणि शेपिंगचा उपयोग होत नाही.

लॉगकडे, म्हणजे फायरवॉलने ठेवलेल्या नोंदींकडे, तर कुणाचं लक्षच नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. डिस्क नसलेल्या छोट्या बॉक्सवर रीस्टार्ट झाला की लॉग जाऊ शकतात, त्यामुळे ते वेगळ्या सर्व्हरवर पाठवायलाच हवेत.

माझी मालकांना, सोसायट्यांच्या सेक्रेटरींना, ट्रस्टींना विनंती आहे, एएमसी (वार्षिक देखभाल करार) रिन्यू करताना व्हेंडरकडून सगळ्या पॉलिसींची लिस्ट मागा, प्रत्येकीपुढे कारण, मागणाऱ्याचं नाव आणि मुदत लिहून घ्या, आणि ती हातात आल्याशिवाय सही करू नका.

आपला,
एक नेटवर्क इंजिनिअर, कोथरूड, पुणे