विज्ञानाच्या पेटीत शंभर वस्तू नकोत, बारा द्या. पण सोळा-सोळा द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : सहावी ते आठवीच्या मोठ्या वर्गांसाठी प्रयोगांचे साहित्य, त्याची खरेदी आणि तासिका

महोदय,

स. न. वि. वि.

शाळेत येणारी विज्ञानाची पेटी उघडली की बहुतेक वस्तू एकेकच निघतात. एक चंबू, एक बहिर्वक्र भिंग, एक स्पिरिटचा दिवा. समोर मुले साठ-पासष्ट. शिक्षण हक्क कायदा उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो; पण दोन तुकड्या एकत्र बसवण्याची वेळ आली की तो आकडा कागदावरच राहतो. मग प्रयोग सर करतात, पुढच्या दोन रांगा बघतात आणि मागचे ‘निरीक्षण व अनुमान’ फळ्यावरून उतरवून घेतात. पेटी आणखी मोठी केल्याने यात काही फरक पडणार नाही. वस्तूंचे प्रकार कमी करा, नग वाढवा, एवढेच आमचे मागणे आहे. चौघांचा एक गट धरला तर ६४ मुलांचे १६ गट होतात. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेला होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम अशा चार-चारच्या गटांवरच उभा होता आणि तीस वर्षे चालला.

हे कसे जमते, ते मराठवाड्याच्या पाण्यावरच दाखवतो. बोअरचे पाणी जड असते (म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात), हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. किती जड, हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. अंगाच्या साबणाचा अडीच ग्रॅम कीस घ्यायचा. तराजू नसेल तर १०० ग्रॅमच्या वडीवर रेघा मारून चाळिसावा भाग कापावा. तो पाव लिटर कोमट जारच्या (आरओने गाळलेल्या, म्हणून मऊ) पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळायचा. बोअरच्या पाण्यात विरघळवला तर साबण आधीच फाटतो आणि पुढचे सगळे आकडे वाया जातात. कपडे धुण्याची निळी-हिरवी वडी किंवा पावडर चालत नाही. ती बहुधा डिटर्जंट असते, तिला जड पाण्यातही फेस येतो आणि प्रयोगातली गंमतच निघून जाते.

प्रत्येक गटाला २०० मिलीच्या तीन रिकाम्या बाटल्या आणि मेडिकलमधून आणलेली सुई नसलेली नवी ५ मिलीची सिरिंज द्यायची. दवाखान्यातली वापरलेली सिरिंज कुणी फुकट दिली तरी घ्यायची नाही. एका बाटलीत १० मिली बोअरचे, दुसरीत १० मिली जारचे, तिसरीत पंधरा मिनिटे उकळून, गार करून, गाळलेले बोअरचे पाणी घ्यायचे. उकळायचे काम सकाळीच खिचडीच्या चुलीवर उरकते. साबणाचे पाणी अर्धा-अर्धा मिली टाकत जायचे, दर वेळी बाटली दहा वेळा हलवायची आणि फेस मिनिटभर टिकला की थांबायचे. जारच्या पाण्याला बहुधा पहिल्या अर्ध्या मिलीतच फेस धरतो. चांगले जड बोअरचे पाणी दोन-तीन मिली साबण गिळते. उकळलेल्या पाण्याला कमी लागला, तर कमी झालेला तेवढा जडपणा बायकार्बोनेटचा. खिचडीच्या पातेल्याला आतून बसलेला थरही त्याचाच. उकळूनही आकडा हलला नाही तर तो जडपणा सल्फेट-क्लोराइडचा, उकळून न जाणारा.

यात हमखास चुकते ते फेस ओळखताना. वर तरंगणारी पांढरी, चिकट साय म्हणजे फेस नव्हे. तो फाटलेला साबण आहे. बुडबुडे दिसले पाहिजेत.

मोठा वर्ग इथे अडचण न राहता उपयोगी पडतो. सोळा गटांचे सोळा आकडे फळ्यावर लिहिले की पंधरा गट अडीच-तीनच्या आसपास असतात आणि एखादा गट पाचवर जातो. तो का गेला, याचा शोध मुलेच लावतात: बाटली हलवलीच नाही, पाणी दहाऐवजी वीस मिली घेतले, नाहीतर सिरिंजमध्ये हवा राहिली. सरासरी कशासाठी काढायची, हे गणिताच्या तासाला जेवढे पटत नाही तेवढे इथे पटते. वीस मुलांच्या वर्गात पाचच आकडे मिळतात. त्यांतला चुकलेला कोणता, हे सांगणेही अवघड जाते. एक मात्र मुलांना बजावून सांगावे लागते. पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे या प्रयोगातून कळत नाही. नायट्रेट आणि फ्लोराइड साबणाला कळत नाहीत.

नळीने फुंकून श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या चुन्याच्या निवळीचे गणितही असेच. पानटपरीवरचा ओला चुना चमचाभर घ्या, लिटरभर जारच्या पाण्यात हलवा, रात्रभर ठेवा आणि वरची निवळी अलगद ओतून घ्या. जास्त चुना टाकून काही मिळत नाही, कारण लिटरला जेमतेम पावणेदोन ग्रॅमच विरघळतो. बाटली गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावावे, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पापुद्रा धरतो आणि निवळी कमजोर होते. ग्लास बोअरच्या पाण्याने विसळले असतील तर फुंकण्याआधीच गढूळपणा येऊ शकतो, आणि मग श्वासाने काय सिद्ध झाले? निवळी गटाला १० मिलीच द्यावी. मुले चढाओढीने चार-पाच मिनिटे फुंकत राहिली की दुधाळ झालेले पाणी पुन्हा निवळू लागते आणि ‘सर, आमचा प्रयोग गेला’ अशी हाक येते. गेलेला नसतो, कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट होत असते. उकळल्यावर पातेल्याला थर बसतो तो याच बदलाच्या उलट्या दिशेने. दोन्ही प्रयोग लागोपाठच्या आठवड्यांत घेतले तर ही जोडी मुलांच्या आपसूक लक्षात येते. नळी ओठांजवळ टाचणीने टोचून ठेवावी, म्हणजे कुणी चुकून ओढली तरी चुना तोंडात चढत नाही. डोळ्यांत थेंब उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचा.

विद्युतचुंबकासाठी लागणारी इनॅमलची (वीज न वाहू देणारा लेप दिलेली) तांब्याची तार प्रत्येक तालुक्याला मोटार वाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. २८ गेजची तार मीटरला साधारण एक ग्रॅम भरते. गटाला दोन मीटर धरले तरी पन्नास ग्रॅममध्ये वर्ग भागतो. जळालेल्या मोटारीतून काढलेली तार फुकट मिळते, पण तिचे इनॅमल जळालेले असते. वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात आणि टाचणी उचलत नाही. चांगल्या तारेची टोके दोन-दोन सेंटिमीटर काचकागदाने चकाकेपर्यंत खरवडावी लागतात. इनॅमल तांब्याच्याच रंगाचे असल्याने तार उघडी आहे असे वाटते, आणि सोळापैकी निम्मे गट इथेच अडतात. तीन इंची साध्या लोखंडी खिळ्यावर आधी ५० वेढे घालून टाचण्या मोजायच्या, उरलेली तार न कापता मोकळी ठेवायची, मग त्याच तारेचे आणखी ५० वेढे. तार तेवढीच राहिल्याने प्रवाह जवळपास तेवढाच राहतो, फक्त वेढे बदलतात. आधी १०० करून मग सोडवले तर खिळ्यात थोडे चुंबकत्व उरते आणि ५० वेढ्यांचा आकडा फुगतो. काँक्रीटचा खिळा तर घेऊच नये. सेल पाच सेकंदांपेक्षा जास्त जोडायचा नाही. एवढ्याशा तारेला रोध नसल्यासारखाच असतो, सेल तापतो आणि तास संपेपर्यंत मरतो.

बिनपैशाचा म्हणाल तर सावलीचा. मीटरभर काठी ओळंब्यात उभी करायची आणि साडेअकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. सर्वांत लहान सावली घड्याळाच्या बाराला पडत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात छत्रपती संभाजीनगरला ती पावणेएकच्या आसपास पडते, नांदेडला त्याच्या आठ मिनिटे आधी. दुपारी सावलीची लांबी बदलतच नाही असे वाटते, म्हणून लहानात लहान खूण शोधत बसू नये. आधी आणि नंतर सारख्या लांबीच्या दोन सावल्या शोधून त्यांच्या मधली वेळ काढावी. दोन्हीकडच्या शाळांनी फोनवर आकडे जुळवले तर रेखांशाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

आता कार्यालयीन बाजू, कारण खरी गाठ तिथेच आहे. पेटीतला चंबू डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढतो. फुटला की उत्तर शिक्षकाने द्यायचे. म्हणून पेटी कपाटात राहते आणि कपाटाची किल्ली खिशात. काच, तार, सेल, सिरिंज, साबण हे सगळे उपभोग्य वस्तू म्हणून नोंदवावे आणि फुटतूट वर्षअखेरीस मुख्याध्यापकांच्या सहीने निर्लेखित करता (नोंदीतून काढून टाकता) यावी, असे स्पष्ट परिपत्रक हवे. खरेदीची अडचण याहून क्षुल्लक, पण तितकीच चिवट. पानटपरीवाला चुन्याचे पक्के बिल कुठून देणार? ठरावीक रकमेपर्यंत साधी पावती आणि शाळा व्यवस्थापन समितीची मान्यता पुरेशी मानावी. संयुक्त शाळा अनुदानातला (शाळेला वर्षाच्या खर्चासाठी मिळणाऱ्या एकत्रित रकमेतला) प्रयोगांचा वाटा वेगळा दाखवून जूनमध्येच हातात द्यावा. मार्चमध्ये आलेल्या पैशांतून कपाटे घेतली जातात, प्रयोग होत नाहीत.

वेळेचेही तसेच. ३५-४० मिनिटांच्या तासिकेत सोळा गटांना साहित्य वाटण्यात दहा आणि आवरण्यात दहा मिनिटे जातात. आठवड्यातून एकदा विज्ञानाच्या दोन तासिका जोडून द्याव्यात, शक्यतो मधल्या सुट्टीनंतर, म्हणजे सुट्टीत साहित्य मांडून ठेवता येते. बाकांपेक्षा व्हरांड्यातली फरशी बरी. गटाला एक खोक्याचे झाकण ट्रे म्हणून दिले की सांडलेले तिथेच राहते.

प्रशिक्षणात पडद्यावरच्या स्लाइडी नकोत. शिक्षकांनीही चौघांच्या गटात बसून तार खरवडावी, साबण फाटू द्यावा.

आठही जिल्ह्यांत प्रत्येकी एका तालुक्यात येत्या जूनपासून वर्षभर हे करून पाहावे. त्या शाळांना नवी पेटी देऊ नये. तिचीच रक्कम द्यावी. बारा वस्तूंची यादी आणि प्रत्येक प्रयोगाचे एक पान, त्यात काय बिघडते यासह, आम्ही विनामोबदला तयार करून देऊ.

कळावे,

आपले,
मराठवाड्यातील सहावी ते आठवीचे काही विज्ञान शिक्षक