यंदा गणपतीला माझे येणे होणार नाही

१२ जुलै २०२६

तीर्थरूप आई आणि अप्पा यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र हाती पडताच आई आधी माझ्या येण्याची तारीख शोधणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. यंदा गणपतीला माझे येणे होणार नाही. तिकीट मिळाले नाही किंवा तब्येत बरी नाही असे काही कारण नाही. निर्णय माझा आहे आणि तो घेऊन झाला आहे. गेले तीन रविवार फोनवर सांगेन म्हणत होते, पण आईने "तुझी खोली झाडून ठेवली आहे" म्हटले की शब्द घशातच राहत होता.

चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. आमच्या लॉन बोल्स (हिरवळीवर चेंडू घरंगळत सोडायचा खेळ) क्लबच्या अंतर्गत स्पर्धांचे अंतिम सामने १२ आणि १३ तारखेला आहेत, आणि मार्चमधल्या वार्षिक सभेत त्या स्पर्धांचे चिटणीसपद मी स्वीकारले आहे. अंतिम सामने आटोपून गौरीपर्यंत तरी ये, असे तुम्ही म्हणाल. त्याचाही मी पुष्कळ विचार केला. पण माझी सलग रजा वर्षातून एकदाच, तीन आठवड्यांची, आणि आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन डॉक्टरांनी पावसाळ्यानंतर करायला सांगितले आहे. गौरीला येऊन आठ दिवसांत परतले, तर ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांत थेंब घालायला मी नसेन. म्हणून १ नोव्हेंबरला निघून २२ पर्यंत राहायचे ठरवले आहे. त्यात ८ तारखेचे लक्ष्मीपूजनही मिळते.

अप्पा, तुम्ही काही बोलणार नाही, पण "खेळासाठी?" असा प्रश्न तुमच्या मनात येईल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून सुवर्णपदक जिंकले, तेव्हा वर्तमानपत्रातले कात्रण तुम्ही पाकिटात घालून मला पाठवले होते. तोच हा खेळ. आमच्याकडे मात्र पदके नसतात. सहा पट्ट्यांची एक चौकोनी हिरवळ, भोवताली उथळ चर आणि बहुतेक सत्तरीच्या पुढचे सभासद. प्रत्येक चेंडू दीड किलोच्या आसपास भरतो आणि त्याची घडणच अशी असते, की वेग कमी होताच तो एका अंगाला वळू लागतो. समोर जॅक नावाचा पांढरा लहान चेंडू असतो. ज्याचे चेंडू त्याच्या जवळ, त्याचे गुण, आणि एकेरीत २१ गुण जो आधी करील तो जिंकला.

हिवाळ्यात नावे मागवायची, एप्रिलमध्ये चिठ्ठ्या काढून तक्ते तयार करायचे आणि मग सप्टेंबरपर्यंत ते तक्ते पुढे सरकत ठेवायचे, हे माझे काम. एकेरी, दुहेरी, तिहेरी, मिश्र, चिठ्ठीने जोडीदार ठरणारी दुहेरी, दुबळ्या खेळाडूला आधीच काही गुण देणारी, अशा एकूण आठ स्पर्धा आहेत. पुरुषांच्या एकेरीत २७ नावे आली. ३२ चा तक्ता करायचा, म्हणजे पाच जणांना पुढे चाल आणि उरलेल्या बावीस जणांच्या अकरा लढती, हे मी कागदाला पेन न लावता सांगितले, तेव्हा समितीतले सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्यांना काय माहीत, की सात वर्षांची असल्यापासून मी मंडळाच्या कबड्डी स्पर्धेच्या चिठ्ठ्या तुमच्या शेजारी बसून काढल्या आहेत! पितळेचे मापटे तुम्ही माझ्यासमोर धरायचे, डोळ्यांवर आईचा पदर असायचा, आणि चिठ्ठी निघाली की "पुढे चाल!" हे मीच मोठ्याने ओरडायचे. यंदा स्पर्धकांत माझेही नाव होते, म्हणून मी स्वतः चिठ्ठ्या काढल्या नाहीत. चहाच्या टेबलाशी बसलेल्या एका सभासदाच्या नातीकडून काढून घेतल्या. ही रीत तुमचीच. दादा संघात होता त्या वर्षी तुम्हीही मापट्याला हात लावला नव्हता.

चिठ्ठ्या सोप्या असतात, खरी कसोटी तारखांची असते. तक्त्यात ज्याचे नाव वर, त्याने प्रतिस्पर्ध्याला तीन तारखा द्यायच्या आणि ठरलेल्या मुदतीच्या आत लढत उरकायची, असा नियम आहे. एकेरीच्या लढतीला अडीच-तीन तास लागतात, शिवाय गुणांवर लक्ष ठेवायला मार्कर म्हणून तिसरा माणूस लागतो. जूनमध्ये इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तोवर सारे निभावते. ऑगस्ट सरता सरता संध्याकाळ आखडते, पाऊस पडला की हिरवळ बंद राहते, आणि दुसऱ्या क्लबशी सामना असला की सहापैकी चार पट्ट्या त्यातच जातात. अंतिम सामने पुढे ढकलावेत, तर सप्टेंबरअखेर हिरवळ खरवडून, माती-वाळूचा थर देऊन हिवाळ्यासाठी मिटवली जाते. त्यामुळे १२ आणि १३ या तारखा कोणालाच हलवता येत नाहीत.

मे महिन्यात घडलेली एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. एका आजोबांची पत्नी आजारी पडली आणि मुदतीत त्यांना एकही संध्याकाळ मिळाली नाही. त्यांचा प्रतिस्पर्धी स्वतः माझ्याकडे येऊन "चार दिवस वाढवून द्या" म्हणाला. मला द्यायचे होते. पण त्याआधीच्याच आठवड्यात एका तरुण मुलाला, त्याची रात्रपाळी असतानाही, मी मुदत वाढवून दिली नव्हती. रात्रभर विचार केला आणि तुमचे म्हणणे आठवले, की नियम बदलायचा तो चिठ्ठी उघडण्यापूर्वी, नंतर नाही. सकाळी फोन न करता मी आजोबांच्या घरी गेले आणि त्यांच्यासमोर बसून सांगितले, की तुमचे नाव तक्त्यातून काढावे लागते आहे. त्यांनी मान हलवली आणि मला चहा दिला. हिवाळ्याच्या सभेत अशा अडचणींसाठी सवलत मांडणार आहे, पण यंदाच्या तक्त्याला तिचा उपयोग नाही. आई, आता तूच सांग, त्यांना नियम लावणारी मी अंतिम सामन्यांच्या आदल्या दिवशी विमानात बसले, तर त्यांच्यासमोर पुन्हा कोणत्या तोंडाने उभी राहू?

दुसरेही एक कारण आहे, आणि ते तुम्हाला सांगायची गरज नाही. त्या वर्षी मी कोणाशी बोलत नव्हते, आई रोज रात्री फोन धरून नुसती माझा श्वास ऐकत बसायची, तेव्हा शेजारच्या वृद्ध चिटणीसांनी मला कुंपणावरून हाक मारली आणि काही न विचारता हातात चेंडू दिला. लहान वर्तुळाची खूण ज्या बाजूला, त्या बाजूला तो वळणार, एवढेच त्यांनी सांगितले. पहिला चेंडू मी चरात घालवला, दुसराही. संध्याकाळ झाली तेव्हा दिवसभरात काहीतरी खाल्ले पाहिजे हे मला आठवले. त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आहे आणि तक्त्यांची वही त्यांनी माझ्या स्वाधीन केली आहे. मी ती निम्म्यात ठेवू शकत नाही.

माझी काळजी करू नका. ज्वारीचे पीठ इथे मिळते, आठवड्यातून चार दिवस भाकरी करते, आणि संध्याकाळी हिरवळीवर गारठा सुटला की आईची तपकिरी शाल खांद्यावर असते. गेल्या बुधवारी मी मार्कर होते. १९-१९ अशी बरोबरी होती आणि दोन चेंडू जॅकच्या दोन बाजूंना इतके सारखे, की खेळाडूंनी दोरीने मोजायला सांगितले. गुडघे टेकून, श्वास रोखून, दोरीचे टोक जॅकला न लागू देता मी मोजत होते, तर ओल्या गवताचा वास अगदी आपल्या परड्यातल्यासारखा आला. फरक एका बोटाच्या जाडीचाही नव्हता. मी स्वतः गुणसवलतीच्या एकेरीत उपांत्यपूर्व फेरीत आहे. जिंकले तर कळवीन.

आता तुमच्याविषयी. दादा शनिवारी १२ सप्टेंबरला कोल्हापूरहून निपाणीला येईल आणि दीड दिवसाचे विसर्जन करूनच परतेल. वहिनी आधी दोन दिवस येणार आहे. मूर्ती आणायला अप्पांनी पावसात चालत जायचे नाही, शेजारच्या मुलाला रिक्षा घेऊन जायला मी सांगितले आहे. स्वयंपाकाच्या मावशी ऑगस्टपासून दोन्ही वेळा येतील. आई, त्यांना "तिखट जमत नाही" म्हणून आठवड्यात परत पाठवू नकोस. कडबू तू सांग आणि त्यांना करू दे, ओट्यापाशी तासभर उभे राहणे तुझ्या गुडघ्यांना आता झेपत नाही. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवायला माणूस २० तारखेला येईल, त्याला नाही म्हणू नका. अप्पा, रक्तदाबाची गोळी सकाळच्या चहाआधी, आणि दादाने दर रविवारी डबा तपासला तर रागवायचे नाही. तुम्ही माझ्या शाळेचे दप्तर दहावीपर्यंत तपासत होताच. आरतीच्या वेळी फोन लावून देव्हाऱ्यासमोर ठेवा. इथे तेव्हा दुपार असेल, मी सुट्टी काढून घरी थांबेन आणि सगळ्या आरत्या तुमच्याबरोबर म्हणेन.

आणखी एक मागणे आहे. ते पितळेचे मापटे बहुधा माळ्यावर, मखराच्या पेटीमागे असेल. मखर काढायला दादा वर चढेल, तेव्हा त्यालाच तेही खाली काढायला सांगा. तुम्ही दोघांपैकी कोणीही शिडीला हात लावायचा नाही. आईने ते चिंचेने घासून ठेवले, तर नोव्हेंबरमध्ये मी इकडे घेऊन येईन. सध्या आम्ही चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यातून काढतो.

तुमची,
धाकटी