मनूचा फॉर्म भरला आहे

ती. नाना आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर हा विषय काढला की आई फोन नानांच्या हातात देते आणि नाना कापसाच्या भावावर जातात, म्हणून लिहायला बसलो. आई, नाना वाचून दाखवतील तेव्हा मधेच उठून चुलीकडे जाऊ नकोस.

मनूचा एनडीएचा, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा, फॉर्म भरला. लेखी परीक्षा सप्टेंबरात आहे. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि तुझा शब्द मोडून मला भरावा लागला असता. त्यापेक्षा हे बरं. नाना, मुलींना फी नाही, त्यामुळे पैसेही गेले नाहीत. बारावी होऊ दे, मग बघू, असं तुम्ही म्हणाल. पण बारावीत असतानाच ही परीक्षा देता येते. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि परीक्षा वर्षातून दोनदाच. वाट बघण्यात वय निघून जातं.

यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला मी एकटाच येणार. शनिवारी रात्री पोहोचेन, सोमवारी विसर्जन झाल्यावर निघेन. सूनबाई आणि मनू इथेच राहतील. मनूशिवाय कानबाईपुढे फुगडी कोण घालणार, हे मला ऐकवू नकोस. ते माझ्याच मनात आधी आलं. पण परीक्षा तोंडावर असताना चार दिवस मोडले की लय जाते, मग ती स्वतःवरच चिडते. जाण्यायेण्यात दोन दिवस जातात, आणि घरी आल्यावर ती पुस्तक उघडणार नाही हे तुलाही ठाऊक आहे. तूच उघडू देणार नाहीस.

भाऊचं मी इथे काही लिहीत नाही. त्या वर्षीचं आपल्या तिघांना माहीत आहे. परवा तू फोनवर ‘कसाले वं माय’, कशाला गं बाई, एवढंच म्हणालीस, ते मनूनं ऐकलं. काही बोलली नाही, पण ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली. मागच्या दिवाळीत तिनं माळ्यावरून भाऊची पेटी काढली, त्यातून हे खूळ शिरलं असं तू समजतेस. तसं नाही. २०२१ पर्यंत मुलींना ही परीक्षाच देता येत नव्हती, सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्यावर दार उघडलं. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या संचलनात मुलांच्या रांगांमधून पहिल्या १७ मुली चालत गेल्या. मनूनं ते टीव्हीवर उभ्यानं पाहिलं, बस म्हटलं तरी बसली नाही.

भाऊ निघाला तेव्हा आपल्याला विचार करायलाही सवड मिळाली नव्हती. इथे तसं नाही. लेखीत निघाली तर मुलाखत, मुलाखतीत निघाली तर वैद्यकीय, मग गुणवत्ता यादी. नाव लागलंच तर तीन वर्षं खडकवासल्याला आणि पुढे साधारण वर्षभर दुसऱ्या अकादमीत. खडकवासला म्हणजे पुणं, आई, कुठली सरहद्द नाही. राहणं, जेवण, शिक्षण सरकारी खर्चानं, आणि पदवी दिल्लीच्या जेएनयूची. नाही झालं तर बीएस्सी आहेच. अमळनेरच्या प्रताप कॉलेजात घाला म्हणालात तर तेही करू, मग आजीच्याच घरी राहील.

मला तुम्ही जळगावच्या भरतीतून परत आणलं होतं, त्याचा राग माझ्या मनात नाही. खरंच नाही. आणलंत म्हणून आज तुमच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचायला कुणीतरी आहे. पण तो न्याय मनूला लावायचं मला जमणार नाही.

नाना, गणिताचं तुम्हाला आवडेल. १२० प्रश्न, अडीच तास, ३०० गुण. एक बरोबर आला की अडीच गुण, चुकला की ०.८३ कापले जातात. कॅल्क्युलेटर नेता येत नाही. तुम्ही तिला लहानपणी पावकी-दिडकी पाठ करायला लावायचात आणि सूनबाई कुरकुरायची, आता तीच सांगते की नानांचे पाढे कामी आले. सव्वापटीचा हिशोब मी मोबाइल काढेपर्यंत मनू करून मोकळी होते. तिची अडचण वेगळीच आहे. येत नसलेला प्रश्न सोडून पुढे जायचं तिला जमत नाही, कोरा ठेवला की हरल्यासारखं वाटतं, आणि मग ठोकून देते. ही खोड कुणाकडून आली ते आईला विचारा. दुसरा पेपर १५० प्रश्नांचा, ६०० गुणांचा; त्यात इंग्रजी २०० आणि बाकी विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. त्याची मला फार काळजी नाही.

खरी गंमत मुलाखतीची आहे. ती पाच दिवस चालते आणि तिलाही लेखीइतकेच, ९०० गुण. भोपाळचं केंद्र मिळालं तर भुसावळहून सरळ गाडी आहे, मीच सोबत जाईन. तिथे एक अंधूक चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. पुढे ६० शब्द, एकेका शब्दाला १५ सेकंद, तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचं. ते बघून माणूस कसा आहे हे म्हणे त्यांना कळतं. शब्द इंग्रजीत असतात, पण मनू सरावाला मराठीही घेते. आई, मे महिन्यात तू ओट्यावर ज्वारीचे बिबडे थापत होतीस आणि ती तुला शब्द देत होती, आठवतं? ती म्हणाली ‘अंधार’, तू म्हणालीस ‘बॅटरी घे’. ती म्हणाली ‘शत्रू’, तू म्हणालीस ‘बांध कोरतो तो’. ‘अपयश’ म्हणाली तर तू तिलाच विचारलंस, पाऊस लांबला का गं कुठे? ती हसून लोळली, पण सगळं वहीत उतरवून घेतलं. तिच्या क्लासचे सर फौजेतून निवृत्त झालेत. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, आजींना पाठवा, त्या पहिल्या दिवशी निघतील.

खाण्यापिण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पहाटे ती गोल्फ क्लबच्या मैदानावर पळायला जाते, तेव्हा मी बाकावर बसलेला असतो. आल्यावर दूध, शेंगदाण्याचा लाडू. आठवड्यातून दोनदा कळण्याची भाकरी होते; पीठ तुझंच आहे, अजून डबाभर उरलंय. संध्याकाळी क्लासवरून आणायला मीच जातो. रात्री दहाला दिवा बंद, तिथे सूनबाई ऐकत नाही. कधीकधी पळून आली की पोटऱ्या धरून बसते. तेव्हा मला आखाजी, अक्षय्य तृतीयेचे झोके, आठवतात. ताईच्या झोक्यावर घुसून मी दिवसभर उभ्यानं झोके घ्यायचो आणि रात्री पाय दुखले की रडायचो. तू कोमट तेल लावून पाय चेपायचीस आणि चेपता चेपता तुलाच डुलकी लागायची. मनूचे पाय चेपायला गेलो तर लाजून ओढून घेते. मोठी झाली.

आता मी सांगतो ते दोघांनी ऐकायचं. नाना, मोतीबिंदू पुढे ढकलायचा नाही. निंदणी झाली की, वेचणी झाली की, दिवाळी झाली की, हे मी आता ऐकणार नाही. कानबाई आटोपली की सोमवारी माझ्यासोबत दोघंही नाशिकला यायचं. डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. निंदणीचं सालदार बघेल, त्याच्याशीही बोललोय. आई, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय ओटा चढायचा नाही. कानबाई डोक्यावर घेऊन नदीपर्यंत जायचा हट्टही नको, काकूला घेऊ दे. राग येईल, तरी सांगतो.

इथे आल्यावर मनूजवळ बस, तिच्या डोक्याला तेल लाव, काय हवं ते खाऊ घाल. तो विषय मात्र तिच्यापुढे काढू नकोस. काढायचाच असेल तर ती पळायला गेल्यावर माझ्यापुढे काढ, मी ऐकून घेईन. उत्तर बदलणार नाही, पण ऐकून घेईन.

येताना बिबडे आणा, मनूनं मागितलेत. लोणच्याची बरणी नको, मागच्या खेपेला एसटीत सांडली होती. नानांचा जुना चष्मा आणि साखरेचे रिपोर्ट पिशवीत आधी ठेवा. गोळ्यांचा डबा देवळीत राहतो नेहमी. कुलूप लावायच्या आधी तो हातात घ्या, मगच कडी लावा.

तुमचा,
बापू