परत तिथंच का सोडता?

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास, "एवढी मरमर करून भटकी कुत्री-मांजरं पकडता आणि परत त्याच गल्लीत सोडता? मग उपयोग काय?" तेव्हा रिक्षात मागं मांजरं बोंबलत होती, धड बोलता आलं नाही. शिवाजी पेठेत हाच प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून आता सावकाशीनं लिहितो.

कुत्रं एखाद्या कोपऱ्यावर राहतं ते खायला मिळतं म्हणून. आपल्याकडं मटणाच्या दुकानांना आणि खरकट्याला काय तोटा? इथली कुत्री उचलून कळंब्याच्या पुढं टाकली तर जागा रिकामी होते, खरकटं तिथंच. मग पलीकडच्या गल्लीतली आत शिरतात, ना लस टोचलेली ना नसबंदी झालेली. त्यापेक्षा टोचलेलं, पिल्लं न होणारं कुत्रं आपल्या जागी बसलेलं बरं. ते बाहेरच्याला सहजी येऊ देत नाही. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या २००१ च्या सरकारी नियमांत हेच होतं, २०२३ च्या नव्या नियमांतही तेच आहे. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, स्टँड अशा जागांची कुत्री परत तिथं सोडायची नाहीत असं सांगितलं, तो एक अपवाद. गल्लीला तो लागू नाही, पण लोक व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धंच वाचून भांडायला येतात.

रेबीजचं गणित तर आणखी सरळ आहे. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली, तर रोगाची साखळी तुटते. माणसाला एकदा लक्षणं दिसली की औषध नाही. म्हणून चावलं की हळद-चुना न लावता पंधरा मिनिटं साबणपाण्यानं धुवायचं आणि तडक सीपीआर, म्हणजे आपला सरकारी दवाखाना गाठायचा. हे मी आता लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो, बायको वैतागलीय.

कुत्र्यांच्या नसबंदीला मान्यता असलेलं केंद्र लागतं, तो सगळा सरकारी कारभार. आम्ही गल्लोगल्ली जाऊन त्यांना लस तेवढी टोचतो. मांजरांचं मात्र एक डॉक्टर रविवारी आपल्या दवाखान्यात करून देतात, टाके-औषधांचा खर्च आमच्या वर्गणीतून.

मांजर धरणं हा कुत्र्यापेक्षा अवघड प्रकार. पिंजऱ्यात सुकट ठेवायची आणि लांब जाऊन बसायचं. दार पडलं की लगेच वर पोतं टाकायचं. अंधार झाला की गप होतं. भुलीच्या इंजेक्शननंतर त्याचे डोळे उघडेच राहतात, पापणी मिटत नाही. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून मलम घालायचं काम माझ्याकडं. पहिल्यांदा हात थरथरले, कारण ते टक्क आपल्याकडंच बघतंय असं वाटतं. मग डॉक्टर बोटभर सुद्धा नसलेल्या चिरेतून आकडा आत घालतात आणि गर्भाशय वर काढतात, सुतळीएवढं. शेवटी कानाचं टोक कापतात, म्हणजे पुढच्या वेळी लांबूनच कळतं, ही झालेली आहे. भुलीत अंग गार पडतं, म्हणून शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या. बाटल्या भरणारी पोरं तालमीतली आहेत. दंड हे एवढे, आणि मांजर शुद्धीवर येईपर्यंत हलत नाहीत.

वाड्यातल्या आक्का माझ्यावर रुसल्यात. "पोरा, एक वेत तरी होऊ द्यायचं हुतंस." त्यांना सांगितलं, पहिलं वेत झालं म्हणून मांजरीचं काही भलं होत नाही. पाचव्या महिन्यातच गाभण राहते, दोन महिन्यांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येते. त्यातली किती जगतात ते पावसाळ्यात आपल्या गटारीकडेला जाऊन बघावं. आक्कांना पटलं नाही. पण परवा मागच्या दारानं मला बोलावून त्यांनीच दुसरी मांजरी दाखवली.

आता तुझं काम. तुमच्या कौलांवरची तिरंगी मांजरी पुढच्या रविवारी धरायचीय. शनिवारी रात्री दहानंतर तिला काही खायला नको, पोट भरलेलं असलं तर भुलीत उलटी होऊन जिवावर बेततं. तुझी आई मला "व्हय व्हय" म्हणते आणि मागनं दूध-भाताची वाटी ठेवते. तू फोन कर. माझं नाही, तुझं तरी ऐकेल.

तुझा,
विनायक